सोलापुरातला धंदा आणि व्हेंचर कॅपिटलचा पैसा: कोणी घ्यावा, कसा घ्यावा, कुठे अडतं

बीमवरचा_धागा

सोलापुरात स्टार्टअप म्हटलं की पहिला प्रश्न येतो, फंडिंग कसं मिळेल. पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदाराला दाखवायच्या स्लाइड, कशी करायची यावर भरपूर लिहिलेलं सापडतं, ते इथे नको. पैसा देणाऱ्या फंडाचं स्वतःचं गणित काय असतं आणि त्यात आपला धंदा बसतो का, हे आधी बघू. ते समजलं की निम्म्या मीटिंगा वाचतात आणि मनस्तापही वाचतो.

व्हेंचर कॅपिटल फंड, म्हणजे वेगाने वाढू शकणाऱ्या नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसा घालणारा फंड, सेबीच्या २०१२ च्या नियमांखाली पर्यायी गुंतवणूक निधी, पहिला वर्ग, म्हणून नोंदवला जातो. त्यातला पैसा फंड चालवणाऱ्यांचा नसतो. तो धनिक कुटुंबांचा, कंपन्यांचा, सिडबी या लघुउद्योगांच्या सरकारी बँकेसारख्या संस्थांचा असतो, आणि एकेकाची किमान रक्कम १ कोटी असते. फंडाची मुदत साधारण ८ ते १० वर्षं. पहिल्या ४-५ वर्षांत नव्या कंपन्यांत पैसा घालायचा, उरलेल्या काळात तो वाढवून परत आणायचा. चालवणाऱ्यांना वर्षाला साधारण २ टक्के फी आणि ठरलेल्या किमान परताव्यानंतरच्या नफ्यात २० टक्के वाटा मिळतो.

१०० कोटींचा फंड धरा. मुदतभराची फी, त्यावरचा जीएसटी आणि इतर खर्च वजा जाता हातात ८० कोटींच्या आसपास उरतात. त्यातले ४० कोटी पहिल्या चेकसाठी: २० कंपन्या, प्रत्येकी २ कोटी. उरलेले ४० कोटी पुढच्या राऊंडला, म्हणजे गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीला, आणि तेही ज्या कंपन्या पळतायत त्यांच्यासाठीच. पैसे देणाऱ्यांची अपेक्षा किमान तिप्पट, म्हणजे ३०० कोटी परत आले पाहिजेत. २० पैकी निम्म्या कंपन्यांतून मुद्दलही येणार नाही हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. भार पडतो एक-दोन कंपन्यांवर.

आता आपल्याकडचा एक चांगला धंदा घ्या. उलाढाल १२ कोटी, नफा दीड कोटी, दरवर्षी १५ टक्के वाढ. आठ वर्षांत उलाढाल साधारण ३६-३७ कोटी, नफा साडेचार कोटींच्या वर. नफ्याच्या दहापट किंमत धरली तरी कंपनी ४६ कोटींची. फंडाने सुरुवातीला २० टक्के घेतले असतील तर पुढच्या तीन राऊंडमध्ये दर वेळी १५ टक्के नवे शेअर निघून त्याचे १२ टक्के उरतात. ४६ कोटींचे १२ टक्के म्हणजे साडेपाच कोटी. मालकासाठी हा उत्तम धंदा आहे. २ कोटी घालून आठ वर्षांनी साडेपाच कोटी मिळवणाऱ्या फंडाला मात्र तो ३०० कोटींच्या वाटेवर कुठेच नेत नाही. तीच कंपनी ८०० कोटींची झाली तर १२ टक्क्यांतून ९६ कोटी येतात. फंड शोधतो ती ही दुसरी.

म्हणून पहिली चाचणी सोपी आहे. सात-आठ वर्षांत १०० कोटी वार्षिक उत्पन्न कसं येईल हे खालून वर मोजा. 'भारताची वस्त्रबाजारपेठ इतकी मोठी, तिचा एक टक्का जरी घेतला' ही स्लाइड बघून कुणी पैसे देत नाही.

मागावर बसवायच्या सेन्सरचं उदाहरण घेऊ. एका यंत्रमागाला महिना १५० रुपये भाडं. वर्षाचे १,८०० रुपये. १०० कोटींना १,८०० ने भागा: साडेपाच लाख माग हवेत. एकट्या सोलापुरात त्याच्या जवळपासही माग नाहीत. म्हणजे भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव, सुरत, इरोड ही सगळी गावं धरावी लागणार आणि प्रत्येक गावात बसवणारा, दुरुस्ती करणारा माणूस लागणार. किंवा महिना १५० चे ६०० व्हायला हवेत, आणि त्यासाठी पीक, म्हणजे आडव्या धाग्याच्या फेऱ्या, मोजण्यापलीकडे बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) कधी संपेल, सूत कधी मागवायचं, कामगाराचा पगार किती निघतो हेही त्याच यंत्राने सांगायला हवं. हे गणित कागदावर मांडून गेलात तर समोरचा ऐकतो. मांडल्यावर आपलंच मन म्हणालं की एवढं होणार नाही, तर बँक आणि सरकारी योजना हा मार्ग आहे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

चाटीगल्ली

चांगला धागा. सेन्सरवाल्यांसाठी थोडी भर घालतो, कारण इथे पायलट, म्हणजे चाचणीचे प्रयोग, फसतात ते तंत्रामुळे कमी आणि मांडणीमुळे जास्त.

माग चालतात त्या शेडमध्ये हवेत कायम कापसाची रुई तरंगत असते. प्रकाशावर चालणारा सेन्सर त्या रुईने आंधळा होतो आणि आकडे चुकतात. क्रँकशाफ्टजवळ धातू ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवला तर फेरा पडला की पीक मोजलं जातं, रुईचा त्रास नाही. पण नुसतं मोजून मालकाचं भागत नाही. माग का थांबला हे त्याला हवं असतं: उभा धागा तुटला, आडवा संपला, बीम बदली, वीज गेली, का कामगार जागेवर नव्हता. यातली वीज तेवढी आपोआप कळते. बाकीच्यासाठी मागाला चार बटणांची छोटी पेटी लावावी लागते, आणि कामगार ते बटण दाबेल असं काहीतरी त्याच्या फायद्याचं त्यात असावं लागतं. पिकावर मजुरी असेल तर पाळी संपताना त्याच पडद्यावर त्याचे त्या दिवसाचे पैसे दिसू द्या. मग दाबतो.

गुंतवणूकदाराच्या बाजूने बोलायचं तर फुकट पायलट म्हणजे विक्री नव्हे. ओळखीच्या पाच कारखान्यांत २०० माग जोडले हे सांगण्यापेक्षा अनोळखी दोन कारखान्यांनी ४० मागांचे पैसे आगाऊ भरले आणि चौथ्या महिन्यातही भरतायत, हे जास्त वजनदार. दोन-चार हजार रुपये का होईना, पायलटची पावती फाडा. सोलापुरात ओळखीखातर कुणी नाही म्हणत नाही, त्यामुळे 'हो' ची किंमत पैसे भरल्यावरच कळते.

सात_रस्ता

टॉवेल-चादरीचा ऑनलाइन ब्रँड असेल तर? त्यात भारतभर विकता येतं, १०० कोटींचं गणित बसूही शकतं. आणि सोलापुरी चादरीला जीआय आहे, तो मुद्दा डेकमध्ये मोठा करून दाखवावा का?

बीमवरचा_धागा

जीआयचं आधी सांगतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण ते सामूहिक असतं. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून इथला कुणीही पात्र उत्पादक ते वापरू शकतो. त्यामुळे शेजारच्या कारखान्यापासून ते तुमचं संरक्षण करत नाही. ती नोंद जरूर करा, मालाला मान आहे. गुंतवणूकदार मात्र तुमच्या स्वतःच्या नावाचा ट्रेडमार्क कुणाच्या नावावर आहे ते विचारणार.

ऑनलाइन विक्रीचा हिशोब बहुतेक ठिकाणी एका ऑर्डरवर केलेला असतो आणि तिथेच चुकतो. १०० ऑर्डरींवर करा. टॉवेलचा सेट १,०५० रुपयांना, त्यात ५ टक्के जीएसटी, म्हणजे आपले १,०००. माल ४५०, खोका-पिशवी ३०, कुरिअर ८०, जाहिरात २५०. उरले १९०. सगळे हाच आकडा दाखवतात.

आता १०० पाठवा. ६० कॅश ऑन डिलिव्हरी, ४० आगाऊ पैसे भरलेल्या. कॅशवाल्यांपैकी चौथा हिस्सा दारातून परत आला असं धरा, म्हणजे १५. पोचल्या ८५, जमा ८५,००० रुपये. मालाचे ३८,२५०. पॅकिंग १०० चंच, ३,०००. जायचं कुरिअर ८,०००, परतीचं ७० प्रमाणे १,०५०. कॅश गोळा करायचे ४५ ऑर्डरींचे ३५ प्रमाणे १,५७५. आगाऊवाल्यांची गेटवे फी २ टक्के, ८४०. परत आलेला माल झटकून, पुन्हा घडी घालून, पॅक करायला ४० प्रमाणे ६००. जाहिरात सगळ्या १०० वर लागली, २५,०००. बेरीज ७८,३१५. उरले ६,६८५, म्हणजे पोचलेल्या ऑर्डरमागे ७९ रुपये. यातून गोडाऊनचं भाडं, पगार, फोटो, जीएसटी भरणाऱ्याची फी सगळं भागवायचं आहे.

हा आकडा सुधारायला तीन जागा आहेत. परतीचं प्रमाण: ऑर्डर पक्की करायला फोन किंवा व्हॉट्सॲप, आगाऊ भरणाऱ्याला ५० रुपये सूट, सतत परत येणाऱ्या पिनकोडला कॅश बंद. ऑर्डरची किंमत: तीच कुरिअर फी १,८०० च्या सेटवर पसरली तर टक्का निम्म्यावर येतो. आणि जाहिरातीविना येणारं गिऱ्हाईक.

'गिऱ्हाईक पुन्हा येईल, तेव्हा फायदा' हा युक्तिवाद इथे जपून करा. सोलापुरी चादर वर्षानुवर्षं टिकते, तीच तिची ख्याती आहे. दर महिन्याला लागणाऱ्या वस्तूचा तक्ता चादरीला लावला की जाणकार माणूस तिथेच थांबतो. ज्या महिन्यात पहिली खरेदी झाली त्या गिऱ्हाइकांपैकी सहा आणि बारा महिन्यांत किती परत आले, एवढा एकच तक्ता प्रामाणिकपणे दाखवा.

जुळे_सोलापूर

आणि वाढीसाठी लागणारा पैसा नक्की कशात जाणार आहे हेही बघा की. गणवेशवाल्यांचं उदाहरण घ्या. जूनमध्ये शाळा उघडणार, म्हणून जानेवारीपासून कापड, शिलाई, साठा. पैसा सरासरी पाच महिने अडकतो, सुटतो जुलै-ऑगस्टात. समजा ६० लाख लागतात. बँकेच्या कॅश क्रेडिटवर साडेदहा टक्क्यांनी पाच महिन्यांचं व्याज होतं सुमारे २ लाख ६३ हजार. तेच ६० लाख १० कोटींच्या मूल्यांकनावर इक्विटी म्हणून, म्हणजे शेअर देऊन, घेतले तर कंपनीचा ६ टक्के हिस्सा कायमचा गेला. कापडात आणि सुतात इक्विटीचा पैसा घालू नये. तारण कमी पडत असेल तर सीजीटीएमएसई या सरकारी ट्रस्टची कर्जाला हमी आहे, १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० कोटींपर्यंत गेली. मोठ्या कंपन्यांकडे येणं असेल तर ट्रेड्स या ऑनलाइन व्यासपीठावर बिल वटवता येतं.

शेंगाचटणी, कडक भाकरी, ज्वारीचे पदार्थ करणाऱ्यांनी तर पीएमएफएमई ही छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना चालू असेल तर आधी बघावी. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान, कर्जाला जोडून. त्या आकाराच्या धंद्याला व्हेंचर फंड शोधत पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसने चकरा मारणं म्हणजे दिवस घालवणं.

खरंच नवं काही बनवत असाल, नमुना तयार करायचाय, तर स्टार्टअप इंडिया सीड फंड. २०२१ मध्ये चार वर्षांसाठी आलेली ९४५ कोटींची योजना, आता अर्ज घेतात का ते आधी बघा. नमुना-चाचणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय स्वरूपात. अर्ज मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फत (स्टार्टअपला आधार देणारी संस्था), आणि अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांच्या आतली हवी. ही दोन वर्षांची अट कंपनी घाईघाईने नोंदवणाऱ्यांच्या अंगाशी येते. कल्पना कागदावर असतानाच नोंदणी करून बसलं की नमुन्याची वेळ येईपर्यंत मुदत निघून गेलेली असते.

होटगीरोड_सीएस

आता कागद. सोलापुरात बहुतेक स्टार्टअप घरच्या धंद्यातून फुटतात, आणि फाइल अडते ती तिथेच. सविस्तर लिहिते.

भागीदारी पेढी असेल तर फंड थेट त्यात येणार नाही. एलएलपीतही (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) अडचण, कारण फंडांना सीसीपीएस, म्हणजे सक्तीने समभागात रूपांतर होणारे प्राधान्य समभाग हवे असतात आणि ते कंपनीच काढू शकते. तेव्हा प्रायव्हेट लिमिटेड. पण वडिलांचा चालता कारखाना मोडून किंवा त्याची पुनर्रचना करून नवी कंपनी केली तर डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग विभागाची स्टार्टअप मान्यता मिळत नाही, हा नियमच आहे. नवं उत्पादन, नवा माल, नवे करार खरोखर नव्या कंपनीत सुरू करा. जुन्या पेढीशी व्यवहार असेल तर बाजारभावाने, लेखी करार करून, बिलं फाडून. 'कारखाना आपलाच आहे, भाडं कशाला' असं चालत नाही. भाडं नसेल तर खर्च खोटा दिसतो, आणि उद्या भावाभावांत वाटणी झाली तर कंपनी रस्त्यावर येईल हे गुंतवणूकदाराला आधी दिसतं.

ट्रेडमार्क वडिलांच्या नावावर, वेबसाइटचं डोमेन पुतण्याच्या ईमेलवर, इन्स्टाग्राम एजन्सीच्या ताब्यात: हे सगळं कंपनीच्या नावावर आणा. ट्रेडमार्कचं हस्तांतर लेखी करून रजिस्ट्रीत नोंदवावं लागतं, त्याला वेळ लागतो. गुंतवणुकीच्या आदल्या महिन्यात सुरू करू नका.

बाहेरच्या मुलाकडून ॲप लिहून घेतलंय, पैसे दिलेत, बिल आहे. तरी कॉपीराइट त्याचाच. नोकरीत असलेल्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर मालकी मालकाची. फ्रीलान्सरचं तसं नाही, लेखी हस्तांतर लागतं. त्या करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. 'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द हवेतच. शिवाय मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत जातो, हे लागू नाही असंही कलम घाला. मुलाचं लग्न होऊन तो बेंगळुरूला गेल्यावर सही मागायला जाण्यापेक्षा शेवटचा हप्ता देतानाच सही घ्या.

मित्रांकडून उचललेले पैसे. संचालकाने किंवा त्याच्या नातेवाइकाने प्रायव्हेट कंपनीला कर्ज दिलं तर चालतं, मात्र 'हे पैसे मी कुणाकडून उसने घेतलेले नाहीत' असं त्याचं लेखी निवेदन हवं. मित्र, शेजारी, भिशीतला सोबती यांच्याकडून कंपनीच्या खात्यात कर्ज घेतलं तर ती ठेव ठरते आणि कंपनी कायद्याच्या कलम ७३ चा भंग होतो. 'शेअर देऊ नंतर' म्हणून घेतलेले पैसेही तसेच: ६० दिवसांत शेअर वाटप नाही झालं तर पुढच्या १५ दिवसांत परत, नाहीतर १२ टक्के व्याज. हे पाप फाइलमध्ये सापडलं की वकील पहिलं पान तिथेच लाल करतात. मित्राला खरोखर आत घ्यायचं असेल आणि कंपनीला डीपीआयआयटी मान्यता असेल तर परिवर्तनीय नोट, म्हणजे पुढे शेअरात बदलता येणारं कर्ज, आहे, पण एका माणसाकडून एकरकमी किमान २५ लाख. त्याखाली असेल तर सरळ समभाग द्या.

प्रत्यक्ष पैसा येताना क्रम असा: नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, संचालक मंडळाचा ठराव, भागधारकांचा विशेष ठराव, तो कंपनी निबंधकाकडे एमजीटी-१४ या फॉर्ममध्ये दाखल, त्यानंतरच पीएएस-४ हे ऑफर पत्र. पैसे वेगळ्या बँक खात्यात, गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यातून. वाटप झालं की १५ दिवसांत पीएएस-३ हे वाटपाचं विवरण. आणि पीएएस-३ दाखल होईपर्यंत त्या खात्यातला रुपयाही वापरायचा नाही. पैसे आले त्या संध्याकाळी पगार केले, असं हमखास होतं. वाटपावर मुद्रांक शुल्क ०.००५ टक्के, म्हणजे २ कोटींवर १,००० रुपये. रक्कम किरकोळ आहे म्हणून राहून जातं आणि पुढच्या राऊंडला सापडतं. परदेशी गुंतवणूकदार असेल तर वाटपापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर हा रिझर्व्ह बँकेकडचा फॉर्म.

सात_रस्ता

ताई, एंजल टॅक्स गेला ना? मग मूल्यांकन अहवाल कशाला?

होटगीरोड_सीएस

तो आयकराचा विषय होता, वाजवी किमतीपेक्षा महाग दिलेल्या शेअरच्या जादा पैशावर लागायचा. २०२४ च्या जुलैच्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला, १ एप्रिल २०२५ पासून लागू. कंपनी कायद्याच्या कलम ६२ खालचा अहवाल त्यामुळे सुटत नाही. पैसे देणाऱ्याचा स्रोतही दाखवता आला पाहिजे, त्यामुळे पॅन, बँक उतारा आणि विवरणपत्र फाइलला लावून ठेवा.

हिशोबाची_वही

अटींबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. मूल्यांकनाच्या आकड्यावर भांडण होतं आणि खालच्या दोन पानांवर सही होते, म्हणून थोडं लांबवतो.

'८ कोटी प्री-मनी, २ कोटी गुंतवणूक' म्हणजे नंतरची किंमत १० कोटी, गुंतवणूकदार २० टक्के. त्याच वाक्यात 'गुंतवणुकीपूर्वी १० टक्के ईसॉप पूल' असं असेल तर तो पूल (कर्मचाऱ्यांना पुढे द्यायचे राखीव शेअर, गुंतवणुकीनंतरच्या एकूण शेअरांच्या १० टक्के) सगळा फाउंडरच्या हिश्शातून जातो. दोन फाउंडर असतील तर दोघांचे राहतात ७० टक्के, प्रत्येकी ३५. तुमच्या हातातल्या शेअरची किंमत झाली ७ कोटी, ८ नाही. पुढच्या १८ महिन्यांत कोणाला घेणार, कोणाला किती देणार याची यादी करून गेलात तर पूल ६ टक्क्यांवर भागवता येतो. यादी नसेल तर १० च बसतात.

लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली तर आधी कोण उचलणार. वरचीच कंपनी ६ कोटींना विकली गेली. 'एकपट, सहभागाविना' असेल तर गुंतवणूकदार आपले २ कोटी किंवा २० टक्के, जे जास्त ते घेतो: २ कोटी. बाकीच्यांना ४. 'सहभागासह' असेल तर आधी २ कोटी, वर उरलेल्या ४ चे २० टक्के, म्हणजे २ कोटी ८० लाख. बाकीच्यांना ३ कोटी २० लाख. एका शब्दाने ८० लाख गेले. एकपट, सहभागाविना हाच आग्रह धरा, सुरुवातीच्या राऊंडला तो मान्य होतो.

आणि हे थर साचतात. तीन राऊंडमध्ये मिळून १२ कोटी घेतले, गुंतवणूकदारांचे ४५ टक्के, कंपनी १४ कोटींना गेली. ४५ टक्क्यांचे होतात ६ कोटी ३० लाख, त्यापेक्षा ते आपले १२ कोटी घेतील. फाउंडर आणि ईसॉपवाल्या सगळ्यांना मिळून २ कोटी. वर्तमानपत्रात मात्र '१४ कोटींना विक्री' छापून येतं. जास्त पैसा उचलणं म्हणजे मोठं होणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशोब स्वतःच्या आकड्यांवर करून बघावा.

अँटी-डायल्यूशन: पुढचा राऊंड कमी भावात झाला तर आधीच्या गुंतवणूकदाराचा भाव किती खाली आणायचा. समजा एकूण १ लाख शेअर, आधीचा भाव १,००० रुपये. नव्या राऊंडला ५०० रुपयांनी २०,००० शेअर, म्हणजे १ कोटी आले. भारित सरासरीत: हे १ कोटी जुन्या भावात आले असते तर १०,००० शेअर निघाले असते. १,१०,००० भागिले १,२०,०००, गुणिले १,०००. नवा भाव ९१६ रुपये ६७ पैसे. 'फुल रॅचेट' असेल तर सरळ ५००, म्हणजे त्याचे शेअर दुप्पट. फुल रॅचेटवर सही करू नये, मूल्यांकन थोडं कमी मिळालं तरी चालेल.

फाउंडरचे शेअर टप्प्याने पक्के होण्याची अट, चार वर्षं आणि पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावरच पहिले २५ टक्के, ही तर दोघं मित्र असाल तर गुंतवणूकदार येण्याआधी स्वतःच एकमेकांवर घालून घ्या. आठव्या महिन्यात एकजण पुण्यात नोकरीला लागला आणि ४० टक्के घेऊन बसला, तर त्या कॅप टेबलवर (कुणाकडे किती शेअर याचा तक्ता) पुढे कुणी पैसा घालत नाही. आधीच काम सुरू होऊन दोन वर्षं झाली असतील तर तेवढा हिस्सा पक्का झालेला धरायला सांगा.

दोन जागा राहिल्या. हमी-निवेदनांची, म्हणजे कंपनीबद्दल दिलेली माहिती खरी असल्याच्या हमीची, वैयक्तिक जबाबदारी: फाउंडरवर ती ठेवायचीच असेल तर रकमेची आणि मुदतीची मर्यादा लिहून घ्या, फसवणुकीचा अपवाद सोडून. घर, शेत, वडिलोपार्जित जागा यात कुठेही येता कामा नये. आणि गुंतवणूकदाराच्या वकिलाची फी बहुतेकदा कंपनी देते. 'कमाल इतके लाख' असं टर्म शीटमध्येच, म्हणजे मुख्य अटींच्या सुरुवातीच्या कागदातच, लिहा. टर्म शीट बांधील नसते असं म्हणतात, पण त्यातलं इतर कुणाशी न बोलण्याचं कलम, गोपनीयता आणि खर्च हे बांधील असतं. ते कलम ३० ते ४५ दिवसांचंच द्या. ९० दिवस दिले आणि त्याने शेवटी नाही म्हटलं, तर दुसऱ्याकडे जायला पैसे उरलेले नसतात.

चाटीगल्ली

अण्णा, मग सुरुवात कधी करायची? खात्यात किती महिन्यांचे पैसे असताना?

हिशोबाची_वही

पहिल्या भेटीपासून पैसे खात्यात यायला ४ ते ६ महिने धरा. त्यात टर्म शीटनंतरचे कागद आणि तपासणी मिळून दीड-दोन महिने. वर तीन महिने राखीव. म्हणजे ९ महिन्यांचा खर्च शिल्लक असताना निघायचं. महिने मोजताना येणं धरू नका. खात्यात ३६ लाख, महिन्याची निव्वळ गळती ४ लाख, तर ९ महिने. 'व्यापाऱ्यांकडून १५ लाख यायचेत' ते आल्यावर मोजा. उधारीची वयवार यादी तशीही मागतात, आणि ९० दिवसांवरचं येणं सरळ वजा करतात.

तपासणीत आकडे जुळले पाहिजेत. जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ मधली विक्री, ३बी मधली विक्री, ताळेबंदातली विक्री आणि बँकेत जमा झालेली रक्कम या चार आकड्यांचा महिनावार तक्ता स्वतःच करून द्या, फरक असेल तिथे कारण लिहा. १० माणसं झाली की ईएसआय, २० झाली की पीएफ. मागावरचे, शिलाईवरचे कामगार कंत्राटदाराच्या नावावर दाखवले असतील तर त्याने हे पैसे भरल्याची चलनंसुद्धा मागितली जातात.

पैसे आल्यावर दर महिन्याच्या १५ तारखेआधी एक पानाचा अहवाल पाठवा: खात्यातली शिल्लक, गळती, उरलेले महिने, विक्री, येणं, कोण आलं, कोण गेलं, आणि कुठे अडलंय. वाईट महिना आला की अहवाल बंद होतो, तोच महिना खरा पाठवायचा असतो. पुढच्या राऊंडला हाच माणूस दुसऱ्या फंडाला तुमच्याबद्दल सांगणार आहे.

जुळे_सोलापूर

एक इशारा लिहितो, कारण आपल्या गावात हा प्रकार वाढलाय. 'फंडिंग करून देतो' म्हणून आधी दोन-तीन लाख प्रोसेसिंग फी मागणारे. खरा सल्लागार असतो तो बहुतेक पैसा खात्यात आल्यावर टक्केवारी घेतो, साधारण २ ते ५ टक्के, आणि आधी घेतलाच तर छोटा रिटेनर, म्हणजे ठरावीक आगाऊ मेहनताना, लेखी कराराने. खरा फंड पैसा देण्याआधी फाउंडरकडून प्रोसेसिंग फी मागत नाही.

समोरचा स्वतःला फंड म्हणवत असेल तर सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. पहिल्या वर्गाचा क्रमांक आयएन/एआयएफ१ ने सुरू होतो आणि नोंदणी झालेल्यांची यादी सेबीच्या संकेतस्थळावर उघडी आहे. नाव, क्रमांक दोन्ही जुळवा. मग त्यांनी पैसा घातलेल्या दोन कंपन्यांच्या फाउंडरांना फोन करा, त्यातली एक बंद पडलेली असू द्या. बंद पडताना फंड कसा वागला, ठरलेला दुसरा हप्ता दिला का, सह्यांना किती दिवस लावले, हे तो सांगेल.

सात_रस्ता

क्रमांक तपासला आणि तो फंड दुसऱ्या वर्गाचा निघाला तर?

होटगीरोड_सीएस

दुसऱ्या वर्गाचे फंडही कंपन्यांत इक्विटी घालतात, त्यात गैर काही नाही. त्यांचा चेक बहुतेकदा मोठा असतो आणि चालू नफ्याची अपेक्षा जास्त. फंडाची मुदत कोणत्या वर्षी संपते तेवढं मात्र विचारा. दहा वर्षांच्या फंडाची सात वर्षं झाली असतील तर तुम्हाला तीन वर्षांत कंपनी विकायला किंवा त्याचा हिस्सा दुसऱ्याच्या गळ्यात घालायला सांगतील, आणि भागधारक करारातलं एक्झिटचं कलम त्याच बेताने लिहिलेलं असेल. त्या कलमात 'कंपनीने शेअर परत विकत घ्यावेत' असं असेल तर 'कायद्याने परवानगी असेल तेवढेच आणि वाटपयोग्य निधीतूनच' हे शब्द घालून घ्या, आणि फाउंडरने स्वतःच्या खिशातून घ्यायची जबाबदारी काढून टाका.